व्यालेली शेळी : दहा दिवसांत वर्षाचा हिशेब

बकरी ईद जवळ येऊ लागली की आमच्या व्यापारी बांधवांच्या तोंडी एकच विषय असतो, तो बोकडाचा. कोणत्या बाजारात किती माल उतरला, दात किती, वजन किती, भाव काय. पण हा बोकड ज्या शेळीच्या पोटी जन्मला, जिच्या दुधावर पहिले तीन महिने वाढला, तिची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. शेळी व्याली, करडे उभी राहिली की मालकाला वाटते, काम झाले. खरे पाहता काम तेथूनच सुरू होते.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा मोठा भाग कमी पावसाचा आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या तालुक्यांत शेतीपेक्षा शेळी-मेंढीचा आधार अधिक. आटपाडी, लोणंद, माडग्याळ येथील बाजारांत आमचे खाटीक, कुरेशी व मुलाणी बांधव पिढ्यान्‌पिढ्या खरेदीला जात आले आहेत. शिवाय मिरज, सांगली, कराड, साताऱ्याच्या मोहल्ल्यांतून शिलाई, रंगकाम, वेल्डिंग, पिंजारकाम करणाऱ्या कित्येक कारागिरांच्या दारात एखाद-दुसरी शेळी बांधलेली असते. हाताला काम नसले, मुलांची फी भरायची असली, घरात दुखणे निघाले, की हीच शेळी उपयोगी पडते. तिला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नव्हे.

हिशेब काय सांगतो?

शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. व्यवस्था चांगली असेल तर एक शेळी दोन वर्षांत तीन वेळा विते. आपल्या भागात पाळली जाणारी उस्मानाबादी शेळी बरेचदा जुळी देते. म्हणजे दोन वर्षांत पाच-सहा करडे मिळण्यास हरकत नाही. आता समजा, व्याल्यावर तिच्या गर्भाशयात दोष राहिला आणि ती पुन्हा गाभण राहिली नाही. एक वेत हुकले की दोन करडे गेली आणि आठ महिन्यांचा चारा अंगावर पडला. कास खराब झाली तर करडे जगली तरी खुरटी राहतात, आणि शेळीला केवळ मांसाचा भाव येतो.

ईदेच्या व्यापाराचे गणितही येथेच जुळते. कुर्बानीचा बोकड एक वर्ष पूर्ण झालेला लागतो. त्यात पाच महिने गाभणकाळ मिळवा. म्हणजे शेळी फळवायची ती ईदेच्या सुमारे सतरा महिने आधी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती आपल्याकडे ७ जूनला झाली. एवढा लांबचा बेत करणारा माणूस शेळी व्याल्यावरचे दहा दिवस दुर्लक्षाने घालवतो, हे आम्हाला नवल वाटते.

एक सौदा

आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. मिरजेकडील एका वस्तीत शिलाईकाम करणाऱ्या एका भगिनीने साठवलेल्या पैशांतून ताजी व्यालेली शेळी घेतली. सोबत दोन करडे. कास अशी भरलेली की पाहणाऱ्याने मान डोलवावी. विकणाऱ्याने सांगितले, “खाला, दोन्ही करडे पिऊन घरालाही दूध उरेल.” घरी आणून पाहिले तर शेळी करडांना जवळ येऊ देईना, लाथा मारी. दुसऱ्या दिवशी ताप चढला. तिसऱ्या दिवशी कासेचा एक भाग गार पडला आणि निळसर दिसू लागला. डॉक्टर आले. शेळी वाचली, पण अर्धी कास कायमची गेली. एक करडू बाटलीच्या दुधावर तगले, दुसरे दगावले.

पुढे चौकशीत समजले की बाजाराच्या आदल्या दिवसापासून शेळीचे दूध काढलेच नव्हते. करडांनी पिऊ नये म्हणून सडांना शेण फासले होते. कास भरलेली दिसावी, भाव चढावा, एवढाच हेतू. विकणाऱ्याच्या खिशात थोडे जास्त पैसे गेले. त्या भगिनीचे दोन वर्षांचे उत्पन्न गेले. या लेखाचे निमित्त हीच गोष्ट आहे.

पहिले चोवीस तास

व्याल्यानंतर शेळीला कोमट पाणी द्यावे. त्यात थोडा गूळ घातला तर उत्तम. जागा कोरडी हवी. खाली स्वच्छ भुसा, पाचट किंवा कोरडा पाला अंथरावा. ओल्या जागेत बसलेल्या शेळीच्या सडांतून जंतू आत शिरतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली परिसरात जनावरांचे जे हाल झाले, ते पाहिलेल्यांना ओल्या गोठ्याविषयी जास्त सांगायला नको.

करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजलाच पाहिजे. चीक जड असतो, बाधतो, म्हणून तो काढून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. ती सोडून द्यावी. जन्मतः करडाच्या अंगात रोगाशी लढण्याची ताकद जवळजवळ नसते, ती चिकातूनच येते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसभरात मिळून सुमारे २०० मिली चीक मिळावा. एका वेळी नव्हे, थोडा थोडा करून. करडू पितं तेव्हा आईची कासही मोकळी होते. एकाच कामात दोघांचे भले आहे.

वार, म्हणजे कोणी झार म्हणतात ती, बहुधा काही तासांत पडते. बारा तास उलटले तरी पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. लोंबणारी वार हाताने ओढू नये. तिला दगड किंवा जुनी चप्पल बांधून ठेवण्याचा प्रकार आम्ही स्वतः पाहिला आहे, तो तर मुळीच करू नये. त्याने वार अर्धवट तुटते, आत राहिलेला तुकडा सडतो, आणि कधी कधी गर्भाशयच बाहेर येते. तसे मायांग बाहेर आलेच तर ते धुतलेल्या ओल्या कापडात गुंडाळून धरावे, माती लागू देऊ नये, करडे व कुत्री दूर ठेवावीत आणि त्याच घटकेला डॉक्टरांकडे धाव घ्यावी. येथे सकाळची वाट पाहणे परवडत नाही.

ताप, वास आणि कास

पुढचे दहा दिवस तीन गोष्टी रोज पाहाव्यात.

पहिली, ताप. निरोगी शेळीचे तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या मानाने ते जास्तच आहे, म्हणून हात लावून अंदाज बांधू नये. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा थर्मामीटर शेळीसाठी वेगळा ठेवावा व गुदद्वारात लावून पाहावे. १०४ च्या वर पारा गेला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

दुसरी, वास. व्याल्यानंतर दोन-तीन आठवडे तांबूस-तपकिरी स्राव येतो. त्याला घाण वास नसेल व शेळी खात-पीत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण स्राव पुवासारखा झाला, दुर्गंधी आली, माशा घोंगावू लागल्या, शेळीने रवंथ सोडला, तर गर्भाशयात जंतू वाढले आहेत. वेळेवर उपचार झाला तर शेळी पुन्हा गाभण राहते. उशीर झाला तर जीव वाचला तरी ती वांझ राहण्याची भीती असते.

तिसरी, कास. रोज दोन्ही सडांतून पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढाव्यात. काळ्यावर पांढरी गुठळी लगेच उठून दिसते. गाठी, पाणी, रक्त किंवा पू दिसला तर कासदाह सुरू झाला. कासेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा गरम, कडक, दुखरा असणे हीही त्याचीच खूण. शेळी एकाएकी करडांना पाजेनाशी झाली तर “माजली आहे” म्हणून तिला मारू नका, आधी कास तपासा. आणि गरम कास एकदम गार पडून निळी-काळी झाली, तर तो सर्वांत वाईट प्रकार आहे. त्यात कासेचे मांस मरते, विष रक्तात जाते आणि एक-दोन दिवसांत शेळी दगावू शकते.

नावात ताप, अंग मात्र गार

जास्त दूध देणाऱ्या शेळीला व्याल्याच्या आगेमागे कधी दुग्धज्वर होतो. नावात ज्वर असला तरी अंग गार असते. कान थंड पडतात, चालताना झोक जातो, मग शेळी बसते ती उठत नाही. रक्तातील कॅल्शियम एकदम घटल्याने हे होते. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात, तेही हळूहळू, कारण घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून दुकानातून बाटली आणून स्वतः सुई टोचण्याचे धाडस कोणी करू नये.

दुसरा आजार जुळ्या-तिळ्या करडांच्या आईचा. गाभणपणाच्या शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत पोटातील करडे झपाट्याने वाढतात. त्यांनी पोटात जागा व्यापल्यामुळे शेळीला एका वेळी फारसे खाता येत नाही. खुराक अपुरा पडला की ती अंगातील चरबी जाळू लागते आणि त्यातून विषारी द्रव्ये तयार होतात. श्वासाला गोडसर वास येतो, डोळ्यांना नीट दिसेनासे होते, शेळी भिंतीला डोके टेकून उभी राहते. हाडकुळ्या शेळीला हे होते, तसेच फाजील लठ्ठ शेळीलाही होते. यावरचा खरा उपाय व्याल्यावर नव्हे, आधी करायचा असतो. शेवटचे दीड महिने शेवरी, लसूणघास, सुभाबळ यांसारखा चांगला पाला द्यावा आणि मका-बाजरीचा भरडा व पेंड थोडी थोडी वाढवत जावी. व्याली म्हणून एकदम पाटीभर धान्य पुढे ठेवले तर पोटात आम्ल होऊन तीच शेळी मरते. माया दाखवावी, पण मापाने.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे नाव आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळे देणारा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार झाली. जुळ्यांची हौस सर्वांनाच आहे. पण आमचे म्हणणे इतकेच की, मेंढी असो वा शेळी, जुळे हा नफा तेव्हाच ठरतो जेव्हा आईच्या अंगात दोघांना पुरेल इतके दूध असते.

कास फुगवून विकणे

आता व्यापाराच्या मुद्द्याकडे येऊ. बाजाराच्या आधी दूध न काढता कास तुंबवून जनावर विकणे ही लबाडी नवी नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातही ती होती, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला स्पष्ट मनाई केली आहे. उंटीण व शेळी-मेंढी यांचे दूध तुंबवून ठेवू नका, असा आदेश बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आला आहे. असे जनावर कोणी विकत घेतले असेल तर दूध काढून पाहिल्यावर ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला दिला आहे. परत करताना काढलेल्या दुधाच्या बदल्यात एक साअ खजूर द्यावेत, असेही सांगितले आहे. एका रिवायतीत या निवडीसाठी तीन दिवसांची मुदत आली आहे. परत करण्याच्या तपशिलात इमामांमध्ये मतभेद आहेत, त्याबद्दल आपल्या आलिमांना विचारावे. पण हे कृत्य फसवणूक आहे व फसवणूक नाजायज आहे, यात मतभेद नाही.

तीन दिवसांची ही मुदत पाहा, आणि मिरजेकडील त्या शेळीचे तीन दिवस आठवा. तुंबलेल्या कासेचा दोष उघडा पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. डॉक्टर सांगतात की दूध साचून ताणलेल्या कासेत जंतूंना आयते घर मिळते. म्हणजे ज्या कृत्याने गिऱ्हाईक फसते, त्याच कृत्याने मुके जनावर आजारी पडते आणि करडू उपाशी राहते. एका सौद्यात तीन जणांचा हक्क मारला जातो. अशा पैशात बरकत कोठून येणार?

काही बांधव म्हणतात, “बाजारात सगळेच असे करतात, आम्ही एकट्याने दूध काढून नेले तर आमचा माल उठत नाही.” ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण यावर उपायही बाजारातच आहे. गिऱ्हाईकासमोर धार काढून दाखवा. दोन्ही सडांचे स्वच्छ दूध काळ्या कापडावर दाखवणाऱ्या व्यापाऱ्याकडे लोक पुढच्या वेळी शोधत येतात. दोष असेल तर तो सांगून विका, भाव थोडा कमी घ्या. एक सौदा हलका जाईल, गिऱ्हाईक मात्र कायमचे जोडले जाईल.

घेणाऱ्याने काय पाहावे?

व्यालेली शेळी घेताना कास बाहेरून पाहून भुलू नये. दूध काढायला लावावे. दूध निघाल्यावर चांगली कास मऊ पडते, कडक राहिली तर संशय घ्यावा. दोन्ही भाग सारखे आहेत का, गाठ लागते का, सडावर जखम आहे का, हे हाताने पाहावे. शेपटी उचलून मागील बाजूचा वास घ्यावा. डोळ्यांची आतली पापणी लालसर-गुलाबी असावी, पांढरी फटक असेल तर पोटात जंत आहेत. व्याल्यानंतर शेळीत जंतांचा जोर वाढतो, हे ध्यानात ठेवावे. करडे तिचीच आहेत ना, ती त्यांना हुंगून पाजते ना, हेही पाहावे. कधी व्याली व वार पडली का, हे दोन प्रश्न विचारायला विसरू नये.

आठ-दहा दिवसांच्या आतील बाळंतीण शेळी टेम्पोत कोंबून लांब नेऊ नये, असा आमचा सल्ला आहे. आणणे भागच असेल तर तिला व करडांना एकत्र, वेगळ्या कप्प्यात, खाली पाचट घालून आणावे.

आजारी शेळी घाईने कत्तलीला देण्याचा मोह काहींना होतो. तिला सुया दिलेल्या असतील तर औषधाचा अंश मांसात व दुधात काही दिवस राहतो. किती दिवस थांबायचे ते डॉक्टरांना विचारावे व तितके थांबावे. खाणारा आपल्यावर विश्वास ठेवून खातो.

आपले हात सांभाळा

शेळीचे बाळंतपण बहुधा घरातील भगिनीच करतात, तेही उघड्या हातांनी. शेळी शेवटच्या दोन महिन्यांत गाभडली असेल किंवा कळपात एकापाठोपाठ एक गाभडत असतील तर ब्रुसेलोसिस या रोगाची शंका घ्यावी. तो माणसालाही होतो. येऊन-जाऊन राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी अशी त्याची लक्षणे आहेत, आणि महिनोन्‌महिने ती उमगत नाहीत. म्हणून हातमोजे घालावेत, ते नसतील तर प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवावी, पण उघडा हात नको. वार व मेलेले करडू उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावे. गरोदर भगिनींनी या कामापासून दूर राहावे. शेळीचे दूध कच्चे पिऊ नये, उकळूनच घ्यावे. जनावर कापणाऱ्या आमच्या बांधवांनाही हा धोका आहे. लांबलेल्या तापासाठी दवाखान्यात जाल तेव्हा आपला व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगावा.

वाट्याची शेळी

आपल्याकडे शेळी वाट्याने देण्याची पद्धत आहे. जनावर एकाचे, सांभाळ दुसऱ्याचा, करडे निम्मी-निम्मी. भांडण होते ते येथेच. शेळी व्याल्यावर आजारी पडते, डॉक्टरांचा खर्च कोणी करायचा यावर दोघे दोन दिवस घालवतात, आणि तेवढ्यात शेळी जाते. म्हणून देतानाच कागदावर लिहावे : औषधाचा खर्च कोणाचा, डॉक्टरांना बोलावण्याचा अधिकार कोणाला, शेळी दगावल्यास काय. देवघेव लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनातच आहे, ती फक्त मोठ्या व्यापाऱ्यांसाठी नाही. सांभाळणाऱ्याकडे शेळी ही अमानत आहे, आणि मालकानेही हे विसरू नये की रात्री उठून तिला पाणी दाखवणारा तो नव्हे.

मदत कोठे?

गावच्या व तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधीपासून ओळख ठेवावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा. शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अहिल्यादेवींच्या नावाने असलेल्या शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रे सातारा जिल्ह्यात दहिवडीला व सांगली जिल्ह्यात रांजणीला आहेत. आंत्रविषाराची लस व्याण्यापूर्वी चार-सहा आठवडे दिली तर तिचा गुण चिकातून करडांनाही मिळतो. ही लस व पीपीआरची लस केव्हा घ्यायची ते दवाखान्यात विचारून तारीख लिहून ठेवावी.

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक थर्मामीटर, एक काळे कापड, कोरडी जागा, गुळाचे पाणी आणि रोजची पाच मिनिटे. कारागिराला हत्यार जपावे लागते हे सांगायला नको. रंधा गंजला तर सुतार तो दुसऱ्याच्या गळ्यात मारत नाही, घासून धार लावतो. शेळी तर जीव आहे. तिने आपल्याला दिले ते तिच्या अंगातून दिले. तिच्या कासेतले दूध करडाच्या तोंडी जाऊ द्या, आणि बाजारात उभे राहाल तेव्हा पहिली धार गिऱ्हाईकासमोर काढा. इन्शाअल्लाह, पुढच्या बाजारी तोच माणूस तुमचे नाव विचारत येईल.